बंद केलेला सांधा

घोट्यात कोणती हाडे असतात आणि ती एकमेकांत कशी बसतात, हे मी येथे सांगणार नाही. ते शरीरशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळते आणि मी ते सर्व नंतर वाचून काढले. पुस्तकात जे सापडले नाही तेवढेच लिहिते. ज्या मुलीला लवकरच रुग्णालयाच्या खाटेवर निजायचे आहे तिच्यासाठी हे आहे. तिने ते ऑपरेशनच्या आधी वाचावे. मला ते सुचले तेव्हा ऑपरेशन होऊन गेले होते.

उडी

मी मंगरूळपीरची. आमचे कापडाचे दुकान आहे आणि तालुक्यात ते एका गोष्टीसाठी ओळखले जाते. ठाण उलगडले की बाबा आधी त्यातला दोष दाखवतात. कुठे सूत तुटले असेल, कुठे रंग कमी धरला असेल, ती जागा गिऱ्हाइकाच्या बोटाखाली आणून ठेवतात आणि मगच मोजायचा वार हातात घेतात. ही त्यांच्या वडिलांची रीत, तीच त्यांनी चालवली. लहानपणी मला वाटे की कापड असेच विकतात. पुढे इतर दुकाने पाहिल्यावर कळले की तसे नसते. बाबांचा मला तेव्हापासून अभिमान होता. पुढचे सगळे समजण्यासाठी ही गोष्ट आधी सांगणे आवश्यक आहे.

मुलीला नागपूरला विज्ञान शिकायला पाठवायचे म्हणजे आमच्या जैन समाजात तेव्हा बोलण्याचा विषय होता. मंदिराच्या ओट्यावर महिनाभर तेच चालले. बाबांनी कोणाला उत्तर दिले नाही आणि मला मोटारीत बसवून दिले.

लांब उडीकडे मी भौतिकशास्त्राच्या वाटेने आले. फेकलेली वस्तू किती दूर जाईल हे तिचा वेग आणि कोन ठरवतात, हे फळ्यावर शिकत असताना मैदानावर मुली उड्या मारताना दिसत. वेग त्यांच्यापाशी होता, कोन चुकत होता. मी एकदा सलवारीच्या नाड्या घट्ट बांधून धावले, जिथून उडी घ्यायची त्या फळीवर डावा पाय टेकवला आणि कोन सांभाळला. खेळाच्या शिक्षिकेने मला पुन्हा तेच करायला सांगितले. दोन वर्षांत मी विद्यापीठाच्या संघात होते. हिवाळ्यात स्पर्धेसाठी दुसऱ्या प्रांतात जायचे ठरले होते. संघातल्या मुलींना मिळणारा गडद निळा लोकरी कोट मी मापाला घालूनही पाहिला होता.

जाण्याआधीच्या सरावात फळी एका टोकाला सुटली होती. डावा पाय तिच्यावर पडला आणि आत वळला. घोट्यात एक बारीक आवाज झाला. तो मला ऐकू आला, इतरांना आला नाही. वसतिगृहात आंबेहळदीचा लेप लागला. सर्वांनी मुरगळल्याचे निदान केले, मीही केले. सूज उतरली तशी मी पुन्हा सरावाला गेले. महिनाभराने पाय जमिनीवर टेकवेना तेव्हा क्ष-किरणांचे चित्र काढावे लागले.

खिडकीपाशी धरलेली फिल्म

बाबा आणि आई नागपूरला आले. शल्यविशारद वयस्कर होते, सौम्य बोलत. त्यांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे म्हणून मला बोटाने दाखवले. घोट्यातले एक हाड तुटले होते आणि त्याच्या एका तुकड्याला रक्त पोचत नव्हते. तो भाग इतरांहून अधिक पांढरा दिसत होता. मेलेले हाड अधिक पांढरे दिसते, हे मी त्या दिवशी शिकले.

मी विचारले, "मला पुन्हा उडी मारता येईल का?"

ते म्हणाले, "आधी नीट चालू तर लागा."

हे माझ्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रयोगशाळेत एखाद्याने असे उत्तर दिले असते तर मी प्रश्न पुन्हा विचारला असता. पण तोवर त्यांनी बाबांच्या खांद्याला हात लावला होता आणि ते दोघे व्हरांड्यात गेले. आई मागोमाग गेली. मी तपासणीच्या उंच टेबलावर होते. खाली उतरायला पायरी नव्हती आणि पायावर भार देता येत नव्हता. अर्ध्या पडद्यावरून मला बाबांची टोपी दिसत होती. ती बराच वेळ स्थिर होती, मग दोनदा हलली. आईने पदर तोंडाला लावला होता.

परत आल्यावर बाबा म्हणाले, "ठरलं. पाय पक्का होईन तुहा."

मला आनंद झाला. मी त्या संध्याकाळी मैत्रिणीला सांगितले की पुढच्या हिवाळ्यात मी मैदानावर असेन.

शेजारची खाट

स्त्रियांच्या वॉर्डात माझ्या शेजारी आसेगावच्या पार्वताबाई होत्या. बैलगाडीतून पडून मांडीचे हाड मोडलेले, पायाला वजन बांधून दोरी कप्पीवरून सोडलेली. आपल्याच तालुक्यातली पोरगी शेजारी आली म्हणून त्यांना कोण आनंद झाला. माझ्या तोंडून मंगरूळपीर निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता बोलाले मानूस भेटलं. ह्या नागपूरच्या बाया गप्पच राह्यतात, जसं काई बोलल्यानं हाड सरकन."

मला कप्पी आणि वजने यांत रस होता. दोरीचा कोन चुकला आहे असे मी एकदा नर्सला म्हटले आणि तिने तो खरोखर बदलला. त्यानंतर पार्वताबाई मला 'डाक्टरीन' म्हणत.

त्यांच्या हाडात सळई घालायची की असेच वजनावर ठेवायचे, असा प्रश्न एका सकाळी निघाला. डॉक्टरांनी खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याला विचारले. तो काटक, अबोल शेतकरी होता. त्याने फेटा सारखा केला आणि म्हणाला, "मले कायले इचारता? थे काय झोपली हाय का? मी हो म्हनलो अन् पाय बिघडला तर जनमभर मले बोलीन."

सगळा वॉर्ड हसला. पार्वताबाईही हसल्या आणि मग त्यांनी डॉक्टरांना असे काही प्रश्न विचारले की ते खुर्ची ओढून बसले. मीही हसले. मला तो विनोद वाटला होता. आज त्या हसण्याची आठवण मला फारशी सुखाची नाही.

रुग्णालयाचा दिवस पहाटे तापमापकाने सुरू होई. मग अंग पुसणे, मग चादर, मग डॉक्टरांची फेरी, मग लांबच लांब दुपार. माझी एक वेगळी अडचण होती. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि रुग्णालयाचे रात्रीचे जेवण दिवे लागल्यावर येई. पहिले दोन दिवस मी उपाशी निजले, कारण कोणाला सांगायचे याचा संकोच होता. तिसऱ्या दिवशी ख्रिस्ती सिस्टरने उन्हे खिडकीच्या चौकटीवर असतानाच दूध आणि पोळी आणून ठेवली. कोणी सांगितले म्हणून विचारले, तर ती म्हणाली की कोणी सांगितले नाही, दोन भरलेली ताटे परत गेली ती तिने पाहिली. माझ्या आजारपणात ज्या थोड्या माणसांनी मला नीट पाहिले त्यांत ती पहिली.

भीतीविषयी लिहायला हवे, नाहीतर हे लिहिणे अप्रामाणिक ठरेल. ऑपरेशनच्या सकाळी मला वेदनेची भीती नव्हती. मला झोपेची भीती होती. माझ्यावर काही होणार आणि त्या वेळी मी तेथे असणार नाही, ही कल्पना मला सहन होत नव्हती. ईथरचा मुखवटा नाकावर आला तेव्हा मी मनात पाढे म्हणत होते. शेवटपर्यंत जागे राहण्याचा तो माझा प्रयत्न होता. जाग आली तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता, तोंडात सडक्या फळांच्या वासासारखी चव होती आणि पार्वताबाई विचारत होत्या, "डाक्टरीन, आली का परत?"

परीक्षा आणि प्रवास

बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा मी प्लॅस्टरसह दिली. पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवला होता. प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की विणकामाची सुई आत सारायची. पर्यवेक्षकांनी ती सुई आधी दोन्ही बाजूंनी तपासली. मला पहिला वर्ग मिळाला. हे मी आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. आजारी माणसाला एक काम तरी असे हवे की ज्याचा आजाराशी संबंध नाही. माझ्याकडे उष्णतेचे सिद्धान्त होते, त्यांनी मला सांभाळले.

उन्हाळ्यात प्लॅस्टर निघाले. आतून आलेला पाय माझा वाटेना: बारीक, खवल्यांचा, भिजलेल्या कागदाच्या रंगाचा. त्या दिवशी मोठे डॉक्टर नव्हते. त्यांच्या सहायकाने टाक्यांचे व्रण पाहिले, टाच आणि चवडा चाचपले आणि "उत्तम जुळले" असे म्हणून तो पुढच्या रोग्याकडे गेला. व्यायामाविषयी मी विचारणार तोच बाबा म्हणाले की ते त्यांनी विचारून घेतले आहे.

मूर्तिजापूरपर्यंत आगगाडी आणि पुढे मोटार. मोटारीत पाय वाटेत लांब करून बसावे लागले. चढणारा प्रत्येक माणूस त्याच्यावरून पाऊल टाकताना एक सल्ला देई. मी सर्वांना सांगत होते, सुटेल आता.

वाळूचा शेक

व्यायाम काय करायचा, असे मी घरी पोचताच विचारले. बाबा दुकानाच्या किल्ल्या खुंटीला लावत होते. पाठमोरेच म्हणाले, "हलवत राह्य. हळूहळू सुटंन."

मी ते शिस्तीने करू लागले. माजघरातल्या भिंतीशी पाय लांब करून बसायचे, टाच एका ठरलेल्या फरशीच्या सांध्यावर ठेवायची, पाऊल जितके वर ओढता येईल तितके ओढायचे आणि अंगठ्याच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची. मग खाली दाबायचे आणि दुसरी रेघ. सकाळी आणि दुपारी. प्रगती मोजता आली की धीर राहतो, असे माझे मत होते. घाम फुटेपर्यंत ओढत असे. पायाच्या मध्यात कुठेतरी किंचित हालचाल होई. ती घोट्याची नसून पुढच्या लहान सांध्यांची होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

रेघा एकावर एक पडत होत्या. काही दिवसांनी तेथे एकच जाड काळी रेघ दिसू लागली. मी निष्कर्ष काढला की माझे प्रयत्न कमी पडत आहेत. उपकरणात दोष नसेल तर प्रयोग करणाऱ्यात असतो, असे आम्हाला शिकवले होते. मी व्यायाम वाढवला.

आई रोज वाळू तापवून कापडाच्या पुरचुंडीत बांधून आणी आणि घोटा शेकी. माझी आई बोलकी आहे. शेकताना मात्र ती गप्प असे आणि पायाकडे न पाहता दाराकडे पाही. एकदा मी दुखून ओरडले तेव्हा ती म्हणाली, "पुरे कर वं माय. कायले इतका जोर लावून राह्यली?"

मी म्हटले की जोर लावल्याशिवाय सुटणार कसा? तिने वाळू पुन्हा तापवायला नेली आणि बराच वेळ आली नाही.

चालणे मात्र झपाट्याने सुधारले. काठी सुटली. पावसाळ्यापूर्वी मी अंगणात इतकी सरळ चालत होते की बाबा दुकानाच्या पायरीवरून पाहत राहत. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मी माझ्या समाधानाशी एकरूप मानले. पुढे धावणे, मग उडी. ऑक्टोबरात संघाची निवड. त्याआधी जुलैत एम.एस्सी.चा प्रवेश. मी सगळे आखून ठेवले होते.

वेदीपुढे

ज्येष्ठ संपता संपता वाशीमहून पाहुणे आले. मुलगा वकिली शिकत होता. तो, त्याचे वडील आणि आई. मला लग्नाची घाई नव्हती आणि ते मी घरी सांगितले होते. आई म्हणाली की नुसते पाहून जातील, नाही म्हणायला तू मोकळी आहेस. आमच्याकडे पहिली भेट पुष्कळदा मंदिरातच होते. दर्शनाला सगळे येतात, मुलगी चालताना, वाकताना, बोलताना दिसते आणि कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही.

मूर्ती असलेल्या वेदीभोवती मी प्रदक्षिणा घातल्या. मुलाची आई खांबाशी उभी राहून पाहत होती. बाबाही पाहत होते. माझी पावले समान पडत होती; मला स्वतःलाही त्याचा आनंद होत होता.

मग नमस्कार. आमच्या बायका देवापुढे गवासनात बसतात. दोन्ही पाय दुमडून एका बाजूला घ्यायचे आणि पुढे वाकून माथा टेकायचा. लहानपणापासून केलेली गोष्ट; तिचा विचार करावा लागत नाही. ऑपरेशननंतर मी मंदिरात उभ्यानेच हात जोडत होते. त्या दिवशी मुलाची आई शेजारी येऊन बसली, म्हणून मीही बसायला गेले. गुडघे दुमडले. डावे पाऊल दुमडेना. ते फळीसारखे ताठ राहिले, माझा तोल गेला आणि मी हातावर सावरले. पाऊल अवघडून बाहेर राहिले आणि त्याचा तळवा वेदीकडे झाला. देवाला तळवा दाखवू नये हे आम्हाला चालायला लागल्यापासून शिकवतात. मी पदराचा काठ ओढून तो झाकला.

त्या बाई वाईट नव्हत्या. हळूच म्हणाल्या, "पायाले काय झालं, बाई?"

व्यायाम चालू आहे, सुटेल, असे मी सांगणार होते. माझ्या तोंडून "अजून" एवढेच निघाले असेल. बाबा पुढे आले. त्यांचा आवाज दुकानातला होता, ठाण उलगडतानाचा, शांत आणि स्वच्छ.

"आधीच सांगून देतो," ते म्हणाले. "तिच्या घोट्याचा सांधा डाक्टरनं कायमचा बंद केला हाय. हाडं जुळवून टाकली. आता थो कदीच वाकनार नाई. चालन्यात काई फरक नाई, तुमी पाह्यलंच. पन नंतर म्हनसान, सांगतलं नाई."

माझा हात अजून पदराच्या काठावर होता. मला रागाच्या आधी जे जाणवले ते लाजिरवाणे वाटेल इतके कोरडे होते: रेघा एकावर एक का पडत होत्या याचे उत्तर मिळाले. मग माजघराची भिंत आठवली. मग वाळू. बंद केलेले दार उघडावे म्हणून मी दोन महिने त्याला धडका देत होते, ते कायमचे बंद आहे हे घरात माझ्याखेरीज सर्वांना माहीत होते, आणि त्यांनी मला धडका देऊ दिल्या.

बाबांकडे पाहिले तेव्हा त्यांच्या लक्षात आले. दोष दाखवण्याच्या सवयीने ते बोलून गेले होते. ठाणालाही ऐकू येते, हे त्या क्षणी ते विसरले होते.

वाशीमच्या पाहुण्यांनी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. निरोप आणणारा माणूस म्हणाला की तुमचा खरेपणा त्यांना फार आवडला. एवढी गोष्ट कोण आपल्या तोंडाने सांगतो?

दुकानात

मी दुपारी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हते. बाबा गादीवर होते, मी पायरीवर उभी राहिले. बसण्यासाठी हात टेकावा लागला असता आणि तेव्हा मला हात टेकायचा नव्हता.

काय झाले ते सगळे सांगा, असे म्हटले. त्यांनी सांगितले. व्हरांड्यात डॉक्टरांनी दोन मार्ग ठेवले होते. एक, हाडाचा तुकडा दुसऱ्या हाडाची खुंटी ठोकून जगवायचा प्रयत्न करायचा. साधला तर घोटा हलता राहील, कदाचित धावताही येईल; फसला तर दुखणे आणि लंगडणे जन्माचे, शिवाय पुन्हा ऑपरेशन. दुसरा, सांधाच बंद करायचा. दुखणार नाही, लंगडणार नाही, वाकणार नाही. डॉक्टरांनी विचारले, मुलीला सांगू का? बाबा म्हणाले, मी सांगतो.

"लंगडत्या पोरीकडं कोन पाह्यते?" बाबा म्हणाले. "अन् उडी किती वर्सं मारली असती तू? पाय तं जनमभराचा हाय."

त्यांचा हिशेब चुकीचा होता असे मी म्हणू शकत नाही. पहिला मार्ग धोक्याचा होता. कदाचित आज मी लंगडत असते. पण तो धोका ज्या पायाला होता तो माझ्या अंगाला लागलेला होता. मी एवढेच विचारले की हे मला का सांगितले नाही.

"सांगतलं असतं तं तू पह्यला रस्ता धरला असता."

म्हणजे माझे उत्तर त्यांना ठाऊक होते. म्हणूनच प्रश्न विचारला गेला नव्हता. मग नंतर? प्लॅस्टर निघाल्यावर? त्यावर त्यांनी मांडीवरच्या कापडाची विनाकारण घडी केली आणि म्हणाले की रोज सांगणार होते. तुझी भिंतीवरची रेघ पाहिली की तोंड उघडत नसे.

तेव्हा मी विचारले, "बाबा, गिऱ्हाइकाले तुमी आधी दोष दाखवता. वाशीमच्या लोकाइले दाखवला. मले काहून नाई दाखवला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. या प्रश्नाचे उत्तर इतके उघड आहे आणि मला ते कळत नाही, याचे त्यांना खरोखर नवल वाटले.

"तू काय गिऱ्हाईक हाय, पोरी?" ते म्हणाले. "तू तं घरची."

मी वाशीमला नकार कळवायला सांगितले आणि जुलैत नागपूरला गेले. बाबांनी अडवले नाही. मोटार सुटेपर्यंत ते उभे होते. मी खिडकीकडे बसले नव्हते.

जे बदलले आणि जे नाही

या घटनेला आता दीड वर्ष होत आले. निळा कोट दुसऱ्या मुलीला गेला. मी मैदानावरून जाते तेव्हा उडी मारणाऱ्यांचे पाय पाहत नाही, फळी नीट बसवली आहे का तेवढे पाहते आणि नसेल तर शिक्षिकेला सांगते. प्रयोगशाळेत उंच स्टुलावर बसून काम असते, त्यामुळे अडचण येत नाही. रागाने माझा अभ्यास बिघडला नाही. खरे तर रागाने मी फार चांगला अभ्यास केला. पण रागावर जगण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही, कारण झोप लागत नाही.

आईशी मी बोलते. दिवाळीत भिंतींना चुना देताना तिने माजघरातल्या त्या रेघेपाशी कुंचला थांबवला आणि मला विचारले, "पुसू का?" आमच्या घरात माझ्या पायासंबंधी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी म्हटले, पूस.

या हिवाळ्यात हाडे जुळवताना घोट्यात घातलेली तार टोचू लागली आणि ती काढायचे ठरले. लहानसे काम. मी घरी एका ओळीचे पत्र टाकले आणि एकटीच रुग्णालयात गेले. तेच टेबल, तीच खिडकी. डॉक्टर आता अधिक थकलेले दिसले. त्यांनी फिल्म उजेडात धरली, मग दाराकडे पाहून विचारले, "बरोबर कोण आले आहे?"

मी म्हटले, "कोणी नाही. मला घरची समजू नका. परक्या गिऱ्हाइकाला सांगाल तसे सांगा."

त्यांना ते विचित्र वाटले असावे. पण त्यांनी स्टूल ओढले आणि सांगितले. तार का टोचते, काढताना काय होऊ शकते, काढली नाही तर काय, झोपवावे लागेल की नुसता पाय बधिर करून चालेल. मी म्हटले, बधिर करा. मला जागे राहायचे आहे. ऑपरेशन चालू असताना मी छतावरच्या दिव्याकडे पाहत होते आणि तार बशीत पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

वाचणाऱ्या मुलीला माझे सांगणे एवढेच. तुझी माणसे तुझ्यावर प्रेम करतात म्हणूनच ती व्हरांड्यात जातील. टेबलावरून उतरता आले नाही तर हाक मार आणि त्यांना आत बोलाव. जे काही ठरायचे ते तुझ्या देखत ठरू दे.

संध्याकाळी मी बाहेर आले तेव्हा आवारातल्या कडुनिंबाखाली बाबा बसले होते. पत्र मिळताच निघाले असावेत. मांडीवर डबा होता. ते उठले, उन्हाकडे पाहिले आणि म्हणाले, "जेवून घे. दिवस बुडून राह्यला."

मी बाकावर बसले, पाय लांब केला आणि जेवले. त्यांनी काही विचारले नाही. त्यांना विचारायचे होते हे डब्याचे झाकण ज्या रीतीने ते पुन्हा पुन्हा लावत आणि काढत होते त्यावरून दिसत होते. गप्प राहणे मला शक्य होते. त्यांना महिनोन् महिने ते साधले होते, मलाही साधले असते.

मी डबा बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. तार कोणती होती, कुठे टोचत होती, डॉक्टरांनी काय काय शक्यता मांडल्या, त्यांतली कोणती मी निवडली आणि का. घोटा कधी वाकणार नाही, तेही मी त्यांना पुन्हा सांगितले, जणू ते त्यांना ठाऊक नव्हते. एकही गोष्ट वगळली नाही. सांगतात ते असे, हे त्यांना एकदा तरी ऐकायला मिळावे म्हणून.